चाल वहीत उतरवायची कशी

(शताब्दी सोहळ्यात हरिपाठानंतर केलेले भाषण)



विणेकरी महाराज, चोपदार, टाळकरी आणि मृदंगी मंडळी, तुळस डोक्यावर घेऊन चालणाऱ्या मायमाऊल्या आणि समस्त गावकरी हो. दोन दिवस या मंडपात मोठमोठ्या महाराजांची कीर्तनं झाली. आम्हाला आज कीर्तन करायचं नाही. दिंडीच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं, महाराज, तुम्ही चार वर्षं झाली ती चौकटीची वही घेऊन सारेगम लिहीत बसता, ती काय भानगड आहे ते एकदा सगळ्यांना समजेल असं सांगा. म्हणून आज अभंग नाही, निरूपण नाही. आज फक्त वही.

आम्ही चवथीपर्यंत शिकलेलो. पुढं बैलामागं गेलो. वाचन पक्कं झालं ते हरिपाठावर आणि गाथ्यावर. आज वय पासष्टच्या पुढं गेलं. कीर्तनाची सेवा करता करता चाळीस वर्षं झाली, पण यातला सा कुठला आणि प कुठला हे आम्हाला पेटीवर बोट ठेवून सांगता येत नव्हतं. गळ्याला ठाऊक होतं, तोंडाला सांगता येत नव्हतं. रानाचा कुठला कोपरा खोल आणि कुठला मुरमाड हे आपल्याला नांगर धरला की कळतं. पण मोजणीवाला आला आणि नकाशा पुढं केला की आपण गप्प. तसं होतं ते.

आता हे शिकायची गरज काय पडली? ऐका. ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली, म्हणून आज घरोघर पारायण होतं. तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून आपण संताजी जगनाडे महाराजांचं नाव घेतो. म्हणजे शब्द आपल्यापर्यंत आले, कारण कुणीतरी बोरू हातात धरला. पण तुकोबाराय भंडाऱ्याच्या डोंगरावर एखादा अभंग म्हणत असतील तो कुठल्या चालीत? ते आज सांगता येत नाही. चाल कागदावर आली नाही. ती गळ्यातून गळ्यात आली, आणि जिथं मधला एखादा गळा लवकर गेला तिथं तुटली.

आपल्या दिंडीचं बघा. शंभर वर्षं झाली. पेटाऱ्यात काय काय आहे? जुनी पताका आहे. पहिल्या विण्याचा भोपळा आहे. कुणी किती शेर ज्वारी दिली, कुणाची बैलगाडी कुठपर्यंत आली, याच्या मोडीतल्या वह्या आहेत. वाल्ह्याच्या मुक्कामात पीठ किती लागलं तेसुद्धा लिहिलंय. आणि ज्याच्यासाठी लोक आपल्या दिंडीत यायचे, रथामागून चालताना दुसऱ्या दिंडीतले टाळकरी ज्या चाली ऐकायला जवळ सरकायचे, त्यातली एकही चाल त्या वह्यांत नाही. दोष कुणाचा नाही. त्या माणसांना वाटलं असेल, चाल काय, ती तर आपल्या तोंडात आहे.

चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाहून एक निवृत्त संगीत शिक्षक आमच्या गावाला राहायला आले. माणूस आमच्यापेक्षा वयानं लहान, पण विद्येला वय नसतं म्हणून आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो. ते एकदा काकड्याला आले, शेवटपर्यंत बसले आणि मग म्हणाले, "महाराज, ही जी पहिली चाल म्हणालात ती कुठं लिहिलेली आहे का?" आम्ही म्हणालो, "गुरुजी, लिहायला ती काय खतावणी आहे?" ते म्हणाले, "लिहिता येते. तुम्हाला अक्षरं येतात ना? मग निम्मं काम झालेलं आहे." आम्हाला ते पटलं नाही. पण पावसाळ्याचे दिवस, रानात वापसा नव्हता, गेलो दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीवर.

तर आता त्यांनी सांगितलं ते आम्ही आपल्या भाषेत सांगतो. याला कुणी स्वरलिपी म्हणतं, कुणी नोटेशन म्हणतं. अक्षरं मोजून सात. सा, रे, ग, म, प, ध, नि. पुरी नावं षड्ज, रिषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद, पण लिहिताना एकेक अक्षर पुरतं. यातले सा आणि प हे दोन जागा सोडत नाहीत, गावातल्या मारुतीच्या आणि म्हसोबाच्या देवळासारखे. बाकीचे पाच थोडे हलतात. रे, ग, ध, नि हे चार एक पायरी खाली उतरतात, तेव्हा त्यांना कोमल म्हणायचं आणि अक्षराच्या खाली आडवी रेघ मारायची. म एकटाच उलटा, तो वर चढतो. त्याला तीव्र म्हणायचं आणि डोक्यावर उभी रेघ द्यायची. जे हलले नाहीत ते शुद्ध, त्यांना खूण नाही. सात आणि पाच मिळून बारा झाले. पेटीवर पांढरी एक हा सा धरला तर शुद्ध स्वर सगळे पांढऱ्या पट्ट्यांवर येतात आणि मधल्या पाच काळ्या म्हणजे ते चार कोमल आणि एक तीव्र. पेटीचा भाता आम्ही वर्षानुवर्षं हलवला, पण त्या पाच काळ्या तिथं का बसवल्यात हे त्या दिवशी समजलं.

मग टिंब. अक्षराखाली टिंब असलं की तो स्वर खालच्या सप्तकातला, मंद्र. वर टिंब असलं की वरच्या सप्तकातला, तार. टिंब नसेल तर मधला. विहिरीच्या तळाचं पाणी, थारोळ्यातलं पाणी आणि पाटात आलेलं पाणी, पाणी एकच. तसा सा एकच, फक्त ठिकाण वेगळं.

हे झालं स्वराचं. पण नुसते स्वर लिहून चाल होत नाही, कारण कुठल्या स्वरावर किती वेळ थांबायचं हे कळलं पाहिजे. तिथं चौकटीची वही उपयोगाला येते. पोरांची गणिताची असते ना, तीच. एक चौकट म्हणजे एक मात्रा. पाभरीनं पेरताना दोन काकऱ्यांत जसं अंतर सारखं राहतं, तशी मात्रा सारखी पडली पाहिजे. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा. म्हणून आठ चौकटी भरल्या की एक आवर्तन झालं, पुढचं त्याच्या खाली. पहिल्या मात्रेखाली फुली मारायची, ती सम. मृदंगी जिथं थाप देऊन येतो आणि आपली मान आपोआप हलते, ती जागा. पाचव्या मात्रेखाली शून्य, ती खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायचा. मृदंगावर चौताल वाजवणाऱ्याला बारा चौकटी लागतील आणि त्या दोन दोनच्या गटात पडतील. पण तो विषय मृदंगी मंडळींचा, त्यात आम्ही बोट घालत नाही.

स्वर लांबला तर पुढच्या चौकटीत आडवी छोटी रेघ. खालच्या ओळीत अभंगाचं अक्षर लांबलं तर तिथं ऽ हे चिन्ह, ज्याला अवग्रह म्हणतात, पोथीत आपण ते बघितलेलं आहे. एका चौकटीत दोन स्वर पटकन घ्यायचे असले तर त्यांच्या खाली होडीसारखी कमान काढायची. झालं. एवढ्यावर काम चालू होतं. नामाचा साधा गजर लिहून दाखवतो, कुठली जुनी चाल नाही, समजावं म्हणून आम्हीच बांधलाय.

सा रे ग — । ग रे सा —
वि ठ्ठ ल ऽ । वि ठ्ठ ल ऽ

पहिल्या साखाली फुली आणि उभ्या रेघेनंतरच्या गखाली शून्य असं मनात धरा. आता बोटाच्या पेऱ्यांवर मोजत म्हणा. पहिल्या तीन पेऱ्यांवर वर चढलो, चौथ्यावर थांबलो, पुढं उतरलो, आठव्यावर परत थांबलो. मंडपात आत्ता जे म्हणतायत त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात सारेगम वाचलेलं नाही. वाचलं की नाही आत्ता? मग!

आणखी एक गोष्ट फार उपयोगाची आहे. या लिपीत सा म्हणजे पेटीची ठरलेली पट्टी नव्हे. गाणारा जिथं धरेल तो सा. आमचा गळा काळी एकला बसतो. तिथून रे येतो काळी दोनवर, ग पांढरी चारवर, म काळी तीनवर, प काळी चारवर. तरणी पोरं वर काळी चारला चढवतात, मायमाऊल्यांची पट्टी निराळी. तरी वहीतली ओळ सगळ्यांना तीच. ओळ बदलायची नाही, फक्त सा आपल्या सोयीचा धरायचा. दिंडीला हे बरं आहे, कारण आळंदीहून निघताना गळा असतो तो वेळापूरला पोचेपर्यंत राहत नाही, बसतो. मग पट्टी उतरवा आणि तीच चाल म्हणा.

आमच्यातल्या काही जाणत्या मंडळींनी आम्हाला विचारलं, "बुवा, हे इंग्रजी खूळ आपल्या संप्रदायात कशाला?" विचारणं बरोबर आहे, विचारलंच पाहिजे. पण हे इंग्रजी नाही. माऊलींच्या आधी, देवगिरीला यादवांचं राज्य होतं आणि सिंघण राजा होता, त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे पंडित होते. त्यांनी संगीतरत्नाकर हा ग्रंथ संस्कृतात लिहिला, त्यात स्वरांच्या पहिल्या अक्षरांनी चाली लिहिलेल्या आहेत. देवगिरी म्हणजे आपलं दौलताबाद. नेवाशापासून काही फार लांब नाही. म्हणजे ज्या मुलखात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच मुलखात स्वर लिहायची विद्या आधीपासून होती. ती आपल्या पडवीपर्यंत आली नाही एवढंच.

आत्ता आपण लिहितो त्या खुणा पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी बसवलेल्या. जन्म १८६०, मुंबईचे, धंद्यानं वकील. देशभर हिंडले, मोठमोठ्या उस्तादांकडं जी गाणी घराण्याबाहेर जात नव्हती ती त्यांनी जमवली आणि क्रमिक पुस्तकमालिका म्हणून सहा भागांत छापली, तीसुद्धा मूळ मराठीत. त्याच काळात कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर झाले, जन्म १८७२. त्यांनी आपली निराळी लिपी केली, ती थोडी अवघड आहे. पण आपल्याला त्यांच्याविषयी जास्त जवळीक वाटावी, कारण त्यांचे वडील कीर्तनकार होते. लहानपणी दत्तजयंतीच्या दारूकामात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली. पुढं मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ज्याला स्वतःला नीट दिसत नव्हतं त्यानं लोकांनी गाणं वाचावं म्हणून खुणा बसवल्या. आपल्याला चाळशी लावून का होईना, दिसतंय.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यामुळं आमची खात्री पटली. आपल्या दिंडीत एक गौळण आहे, दिवेघाट चढताना म्हणायची. ती मागच्या पिढीतले आपले विणेकरी बाबा म्हणायचे. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्यामागं ती गौळण म्हणणारे तिघे राहिले, आणि तिघांत भांडण. एक म्हणायचे, "तुझी दुसरी ओळ पडते." दुसरे म्हणायचे, "तुझी नको तिथं चढते." पुण्याहून सासवडला जाताना या दोघांनी अर्धा घाट अबोला धरलेला आम्ही बघितलाय. आपले लोक मग गौळणच टाळायला लागले. कशाला वाद, दुसरी म्हणू, असं करता करता दोन वाऱ्या ती घाटात ऐकू आली नाही.

आम्ही त्या तिघांना गुरुजींच्या ओसरीवर नेलं. चहा झाला. गुरुजींनी पेटी काळी एकला लावली आणि सांगितलं, "एकेकानं म्हणा, मधे कुणी बोलायचं नाही, आणि ओळ अर्धी सोडायची नाही." प्रत्येकाची ओळ चौकटीत उतरवली. आमची नात कॉलेजला जाते, तिचं अक्षर चांगलं, ती लिहीत होती. तिन्ही ओळी एकाखाली एक लिहून झाल्यावर तीच म्हणाली, "आबा, हे दोघं भांडतात कशाला? हे बघा." बघतो तर दोघांच्या ओळीत फरक एका अक्षराचा, निषादाचा. एकाचा शुद्ध, एकाचा कोमल. पेटीवर काळी एकचा सा धरला तर कोमल नि पांढरी सातवर आणि शुद्ध नि तिला लागून वरच्या पांढरी एकवर, मधे काळीसुद्धा नाही, इतके शेजारी. आणि तिसऱ्या म्हाताऱ्यांच्या ओळीत दोन्ही! चढताना शुद्ध, उतरताना कोमल. गुरुजी म्हणाले, "खमाजाच्या अंगानं जाणारी चाल आहे, तिच्यात असंच असतं." एकानं बाबांच्या चढाची जागा धरून ठेवली होती, दुसऱ्यानं उताराची. दोघांनीही बाबांचंच धरलं होतं.

त्यावर त्या दोघांपैकी एकजण बराच वेळ वहीकडं बघत बसले. त्यांना वाचता येत नाही. नातीला म्हणाले, "बाळ, यातला माझा कुठला ते बोट ठेवून दाखव." तिनं दाखवलं. मग ते दुसऱ्यांच्या पाया पडले, दुसरे त्यांच्या पडले, वारकऱ्याचं भांडण तेवढंच. गेल्या आषाढीला गौळण परत दिवेघाटात झाली.

कुणी म्हणेल, एवढ्यासाठी लिहायचं कशाला, मोबाइल आहे की. मोबाइलात भरून ठेवा, आम्ही नाही म्हणत नाही, आम्हीही भरतो. पण पन्नास टाळांच्या आवाजात एका स्वराची जागा त्यातून काढायला मोठा जाणता कान लागतो. शिवाय मोबाइल पावसात भिजला, बदलला, की गेलं. वही दहा जणांनी उतरवून घेतली तर एक भिजली तरी नऊ राहतात. दोन्ही करावं. एक ऐकायला, एक समजायला.

वहीनं सगळं होतं असंही नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ज्याला मींड म्हणतात, तिला वर कमान काढतात, पण ती कमान किती सावकाश उतरायची हे कमान सांगत नाही. कणस्वर बारीक अक्षरात वर लिहितात, तो गळ्यानं कसा चाटून जायचा ते गळ्यावरच शिकावं लागतं. बाबांचा आवाज घाटाच्या दुसऱ्या वळणावर थोडा फाटायचा आणि तिथंच माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं, त्याला कुठली खूण करणार? आणि पावली खेळताना पाय कुठं पडतो हे चौकटीत येत नाही. सातबाऱ्यावर रान येतं, रानाचा वास येत नाही. पण सातबारा नसला तर काय होतं हे इथं बसलेल्या कुणाला सांगायला नको.

सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणणाऱ्या पोरांवर आमचा राग नाही. त्यांना दुसरी चाल मिळाली नाही तर ती काय करणार? कानावर पडतं ते माणूस म्हणतो. आपण जुनी चाल त्यांच्या हातात ठेवली आणि तरी त्यांनी घेतली नाही, तर मग रागवू.

आत्तापर्यंत आमच्या वहीत एकोणचाळीस चाली उतरल्या. हरिपाठाच्या चार, काकड्याच्या अकरा, वाराच्या अभंगांच्या काही, बाकी गौळणी. काकड्याची एक चाल आम्हाला अशा म्हातारीनं दिली की जिनं जन्मात टाळ हातात धरला नव्हता. ती जात्यावर बसल्या बसल्या ती म्हणायची. तिचे वडील दिंडीचे पहिले टाळकरी. आम्ही ती आणखी चार ठिकाणी विचारली, कुणाकडं नव्हती. म्हणून सांगतो, मायमाऊल्यांनो, आमचं काय असतंय असं म्हणून मागं बसू नका.

त्या दिवेघाटाच्या गौळणीचं तिसरं कडवं मात्र वहीत कोरं आहे. शब्द आहेत, वर चौकटी रिकाम्या. ते कडवं बाबा निराळ्या चालीत म्हणायचे एवढं तिघांनाही आठवतं, आणि त्याची सुरुवात वरच्या सापासून व्हायची एवढं आम्हाला आठवतं. पुढचं कुणाला येत नाही. गुरुजी म्हणाले, "पहिल्या कडव्याची चाल तिथं लिहून टाकू का?" आम्ही नको म्हणालो. बाबांबरोबर वारीत चाललेली माणसं फलटणच्या बाजूला आहेत, माळशिरसकडं आहेत, काही मुंबईला गिरण्यांत होती त्यांची घरं आता कुठं कुठं आहेत. हे भाषण पुस्तकात छापून येणार आहे. ज्या माऊलीला ते कडवं आठवत असेल, अर्धं आठवत असेल तरी चालेल, तिनं दिंडीच्या मंडळींना निरोप धाडावा. आम्ही वही घेऊन तिथं येऊ. आपल्याला यायची तसदी नको.

गावातल्यांसाठी सांगतो. चातुर्मासात रोज रात्री हरिपाठ झाल्यावर विठ्ठलमंदिरात तासभर शिकणी असते. पेटी दिंडीची आहे. येताना चौकटीची वही, शिसपेन्सिल आणि खोडरबर आणा, पेन आणू नका, कारण पहिल्या महिन्यात खोडाखोड फार होते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसतं यायचं, म्हणून दाखवायचं, पोरं लिहून घेतील. पेरणीचे आठ दिवस बंद राहील.

रामकृष्णहरी.